थोडेसे, औषध म्हणून : मर्यादित मद्यपानाचा लाभ आणि कुरआनचा तराजू

पवित्र कुरआनात मद्याविषयी जे आदेश अवतरले, त्यांतील एक आयत प्रथम वाचताना अनेकजण थबकतात. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत मद्य आणि जुगार यांविषयी विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या उत्तराचा आशय असा की, या दोहोंत मोठे पाप आहे आणि लोकांसाठी काही लाभही आहेत. मात्र त्यांचे पाप त्यांच्या लाभाहून मोठे आहे. जी वस्तू पुढे कायमची हराम ठरणार होती, तिचे लाभ अल्लाहने नाकारले नाहीत. लाभ एका पारड्यात ठेवला, हानी दुसऱ्या पारड्यात ठेवली आणि कोणते पारडे जड आहे, ते सांगितले.

या आयतीचे महत्त्व मला एका वडीलधाऱ्या माणसाच्या प्रश्नाने पुन्हा उमगले. काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर ते माझ्याजवळ येऊन बसले. तीस वर्षे फाउंड्रीत भट्टीसमोर काम केलेला, पाच वेळच्या नमाजचा पाबंद असा हा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मित्रांनी त्यांना सांगितले होते की, रोज थोडी रेड वाइन घेतल्याने हृदय बळकट होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानेही मोबाइलवर कुठलेसे संशोधन वाचून एक बाटली आणून दिली होती. ते म्हणाले, “मौलाना, शौक म्हणून नव्हे. औषध म्हणून थोडीशी घेतली तर?”

मी तत्काळ उत्तर दिले, “चाचा, हराम आहे. विषय संपला.”

ते शांतपणे म्हणाले, “हराम आहे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाटली अजून उघडलेलीही नाही. पण मुलगा म्हणतो ते संशोधन खोटे आहे की खरे, एवढे तरी सांगा. त्याला काय उत्तर देऊ?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. फतवा योग्य होता, परंतु प्रश्न अर्धा शिल्लक राहिला होता. आपल्या कित्येक सुशिक्षित मुलामुलींच्या मनात हाच अर्धा प्रश्न शिल्लक राहतो आणि त्यांना वाटू लागते की, दीन एक सांगतो आणि विज्ञान दुसरे. म्हणून त्या विषयाचा जो अभ्यास केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

कायद्यातही ‘प्रकृतीसाठी’

मद्याला औषधाचा पोशाख चढवणे ही केवळ रंकाळ्यावरील गप्पांतली गोष्ट नाही. आपल्या राज्याच्या कायद्यातही तिचे दर्शन घडते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि त्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. विदेशी मद्याच्या या परवान्याचे कारण काय मानले गेले आहे? प्रकृतीचे जतन! ज्याला मद्य प्यायचे आहे, त्याला आरोग्यासाठी त्याची आवश्यकता आहे, असे कागदोपत्री धरले जाते. परवानाधारकांपैकी किती जण खरोखर प्रकृतीसाठी पितात, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

याउलट भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने भेद नेमका केला आहे. औषधी प्रयोजन वगळता, आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व तेथे आहे. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात दारूबंदी कायदा बहुतांशी वैध ठरवला. अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी तेवढी रद्द केली. औषध वेगळे आणि मद्य वेगळे, ही रेषा तेथेही ओढली गेली.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस ठेवण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांचे हित हे त्याचे प्रमुख कारण सांगण्यात आले. त्या वादात वाइन म्हणजे दारू नव्हे, असेही जाहीरपणे म्हटले गेले. तीव्र विरोधामुळे निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही. परंतु ते वाक्य मात्र लोकांच्या मनात रुजले. म्हणून प्रथम ते तपासून पाहू.

बाटलीतील हिशेब

मद्याचे नाव कोणतेही असो, शरीरावर परिणाम करणारे द्रव्य एकच : इथाइल अल्कोहोल. वाइनमध्ये ते साधारण १२ टक्के, सौम्य बिअरमध्ये सुमारे ५ टक्के, स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत आणि आपल्याकडील व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के असते. यावरून वजनाचा हिशेब मांडता येतो. वाइनच्या १५० मिलीच्या पेल्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या लहान पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे वाइनचा एक पेला लहान पेगपेक्षा अधिक अल्कोहोल पोटात नेतो. वाइन म्हणजे दारू नव्हे, या विधानाला एवढे गणित पुरेसे आहे.

‘मर्यादित’ या शब्दाचाही हिशेब करावा. अनेक देशांत एक प्रमाणित मात्रा १० ते १४ ग्रॅमची धरली जाते आणि मर्यादित सेवनाचे बहुतेक दावे दिवसाला अशा एक-दोन मात्रांविषयीचे असतात. आपल्याकडे मात्र १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम आणि स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असते. ‘फक्त एक बिअर’ म्हणणाऱ्याने १० ग्रॅमच्या चार मात्रा घेतलेल्या असतात. ज्या मर्यादेचे संशोधन वाचले जाते ती मर्यादा निराळी आणि बैठकीत पाळली जाते ती निराळी.

लाभाचा दावा कोठून आला?

चाचांच्या मुलाने वाचलेले संशोधन निराधार नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फ्रान्समधील लोक लोणी, चीज आणि मांस भरपूर खातात, तरीही त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते, या कोड्याला ‘फ्रेंच विरोधाभास’ असे नाव मिळाले. १९९१ मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले आणि तेथे रेड वाइनची विक्री झपाट्याने वाढली. १९९२ मध्ये फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांचा याविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अल्कोहोलमुळे रक्तातील एचडीएल, म्हणजे ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी कमी होते, हेही खरे आहे. अनेक पाहण्यांत अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडे पिणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला.

मग अडचण कोठे आहे? ती तुलनेत आहे. रंकाळ्याचे उदाहरण घ्या. रोज पहाटे तलावाला फेरी मारणारे आणि घरी बसून राहणारे अशा दोन गटांची प्रकृती मोजली, तर फेरी मारणारे निरोगी आढळतील. पण घरी बसलेल्यांत गुडघेदुखीचे, दम्याचे आणि अंथरुणाला खिळलेले रुग्णही असतात. ते फिरत नाहीत म्हणून आजारी, की आजारी म्हणून फिरत नाहीत? मद्याच्या पाहण्यांतही असेच घडले. न पिणाऱ्यांच्या गटात असे अनेकजण होते, ज्यांनी आजारपणामुळे किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून दारू सोडली होती. ब्रिटिश संशोधक शेपर यांनी १९८८ मध्ये या त्रुटीकडे लक्ष वेधले. शिवाय पाश्चात्त्य देशांत बेताने पिणारा माणूस बहुधा सुस्थितीतील, सुशिक्षित, चांगला आहार घेणारा आणि नियमित तपासणी करणारा असतो. त्याच्या आरोग्याचे श्रेय पेल्याला द्यायचे की या सर्व गोष्टींना?

ही गुंतागुंत सोडवण्यासाठी संशोधकांनी जनुकांचा आधार घेतला. पूर्व आशियातील अनेकांच्या शरीराला जन्मतःच मद्य सोसत नाही, म्हणून ते कमी पितात. हा फरक जन्माचा असल्यामुळे श्रीमंती वा आजारपण यांचा त्याच्याशी संबंध नसतो. चीनमधील पाच लाखांहून अधिक लोकांच्या दीर्घ पाहणीतून याच पद्धतीने केलेला अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थोड्या मद्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळते असे आढळले नाही; मद्य जसजसे वाढते, तसतसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, असे दिसले.

हानीच्या पारड्यात आणखीही काही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूही याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, अशा सात ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध सिद्ध झाला आहे. शरीरात अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य तयार होते आणि ते पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा करते. ही क्रिया वाइनचा रंग पाहून थांबत नाही. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की, आरोग्याला निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले.

तरीही संशोधकांतील चर्चा पूर्णपणे मिटलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या अहवालात मर्यादित पिणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळल्याचे नमूद झाले. त्याच अहवालात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचेही नमूद झाले. अशा बातम्या पुढेही येत राहतील. त्या वाचून मुस्लिम घरात गोंधळ होण्याचे कारण नाही. काही लाभ आहेत, हे कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. उद्या एखाद्या प्रयोगशाळेत एखादा लाभ निःसंशय सिद्ध झाला, तरी आपल्या श्रद्धेला धक्का लागत नाही. आणि आज एखादा लाभ असिद्ध ठरला, म्हणून आपली श्रद्धा सिद्ध होते असेही नाही. आपण मद्य वर्ज्य करतो ते अल्लाहची आज्ञा म्हणून, कोण्या अहवालाच्या शिफारशीवरून नव्हे.

द्राक्ष एक, वाटा दोन

मद्यविषयक आदेश एकाएकी आला नाही. मक्केत अवतरलेल्या सूरह अन-नहलच्या ६७ व्या आयतीत खजूर आणि द्राक्षे यांचा उल्लेख करून सांगितले गेले की, त्यांपासून लोक नशा आणणारी वस्तूही बनवतात आणि उत्तम अन्नही. येथे बंदी नाही. पण नशेची वस्तू एका बाजूला आणि उत्तम अन्न दुसऱ्या बाजूला, असा भेद सूचित झाला. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात या आयतीचा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो. तासगावच्या शिवारातील द्राक्षाचा बेदाणा होतो. आणि शासनाच्या २००१ च्या धोरणानुसार त्याच जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्कही आखले गेले. आपल्या कोल्हापूरच्या उसाचीही तीच कथा. त्याच उसाचा गूळ होतो आणि साखर कारखान्यातील मळीपासून मद्यार्कही होतो. निसर्गाने दिलेले फळ पवित्रच आहे. पुढे आपण त्याचे काय करतो, हा प्रश्न आहे.

त्यानंतर सूरह अल-बकराची लाभ-हानीची तुलना सांगणारी आयत आली. मग सूरह अन-निसाच्या ४३ व्या आयतीत नशेच्या अवस्थेत नमाजच्या जवळ जाऊ नये, असा आदेश आला. दिवसातून पाच वेळा उभे राहणाऱ्या माणसाला त्यामुळे पिण्यासाठी वेळच उरेना. अखेरीस सूरह अल-माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींत मद्याला सैतानी कृत्यांतील घाण म्हटले गेले आणि त्यापासून दूर राहण्याची आज्ञा झाली. हजरत अनस (रजि.) त्या वेळी हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या घरी लोकांना मद्य वाढीत होते. बाहेर दवंडी ऐकू आली, अबू तलहांनी ते ओतून टाकण्यास सांगितले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले, अशी नोंद सहीह बुखारीत आहे.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. सूरह अल-माइदात हानीचे जे स्वरूप सांगितले आहे, त्यात यकृत किंवा हृदय यांचा उल्लेख नाही. मद्य आणि जुगार यांच्याद्वारे सैतान तुमच्यात वैर व द्वेष निर्माण करू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो, असा त्या आयतीचा आशय आहे. डॉक्टर आपल्या तराजूत एका माणसाचे शरीर ठेवतात. कुरआनच्या तराजूत त्या माणसाची पत्नी आहे, त्याची मुले आहेत, शेजारी आहे, रस्त्यावरून जाणारा अनोळखी मनुष्य आहे आणि त्याचा रबही आहे. एखाद्याच्या एचडीएलमध्ये चार अंकांची वाढ झाली, तरी या दुसऱ्या पारड्याचे वजन कमी होत नाही.

थोडे म्हणजेही निषिद्धच

‘नशा चढेल एवढी घेत नाही’ या युक्तिवादाचे उत्तर हदीसमध्ये आहे. ज्या वस्तूच्या अधिक प्रमाणाने नशा येते, तिचे अल्प प्रमाणही हराम आहे, अशा आशयाची हदीस हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून अबू दाऊद व तिर्मिजी यांत आली आहे. यामागील शहाणपण कळण्यासारखे आहे. पहिला पेला घेणाऱ्या दहा जणांपैकी व्यसनी कोण होणार, हे त्या पेल्याच्या वेळी ना त्याला ठाऊक असते, ना त्याच्या डॉक्टरांना. कोणताही व्यसनी पहिल्या दिवशी क्वार्टरने सुरुवात करीत नाही. तो ‘थोडेसे’ म्हणूनच सुरुवात करतो. शरीअत पहिलेच दार लावून घेते.

आमच्या एका महाविद्यालयीन तरुणाने विचारले होते की, इमाम अबू हनीफा (रह.) यांनी काही पेयांना अल्प प्रमाणात मुभा दिली होती, हे खरे का? द्राक्ष व खजूर यांच्या मद्याव्यतिरिक्त काही पेये नशा न येईल इतक्या प्रमाणात, बळ यावे म्हणून घेण्याविषयी तसे मत हनफी ग्रंथांत नोंदले आहे, हे खरे. मात्र मौजेसाठी पिणे त्यातही वर्ज्यच होते; आणि हनफी मजहबात फतवा इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मतावर दिला जातो. त्या मतानुसार नशा आणणाऱ्या प्रत्येक पेयाचा थोडा अंशही हराम आहे. अन्य तीन इमामांचेही मत हेच आहे.

भाषेचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट नमूद करतो. अरबी ‘खम्र’ या शब्दाच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. स्त्रीच्या ओढणीला ‘खिमार’ म्हणतात तो याच धातूपासून. बुद्धीला झाकते ते खम्र, अशी व्याख्या हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून केली होती. मराठीतील ‘खुमारी’ हा शब्दही त्याच धातूचा वंशज आहे. अरबीत ‘खुमार’ म्हणजे मद्याचा अंमल उतरतानाचा त्रास. आपण मात्र त्या शब्दाला रंगत, लज्जत असा सुंदर अर्थ देऊन टाकला. मद्याला मोहक नावे देण्याची माणसाची सवय अशी जुनी आहे.

औषधाचा खरा प्रश्न

आता चाचांच्या मूळ शब्दाकडे वळू : औषध म्हणून. हजरत तारिक बिन सुवैद (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना हेच सांगितले होते की, आपण ते केवळ औषधासाठी बनवतो. ते औषध नसून आजार आहे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. येमेनच्या हजरत दैलम हिमयरी (रजि.) यांचा प्रश्न तर आपल्या भट्टीवरच्या, ऊसतोडीच्या श्रमिकांचा वाटावा असा आहे. आमचा प्रदेश थंड आहे, कामे कष्टाची आहेत, म्हणून आम्ही गव्हाचे पेय घेतो, असे त्यांनी सांगितले. त्याने नशा येते का, एवढेच प्रेषितांनी (स.) विचारले. होय, असे उत्तर मिळताच ते टाळण्यास सांगितले. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. थंडी आणि कष्ट यांची कारणे आजही तीच आहेत आणि उत्तरही तेच आहे.

खोकल्याचे सिरप, होमिओपॅथीचे अर्क, आसवे-अरिष्टे यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे माणूस मद्य पीत नाही; औषधाचे द्रावण म्हणून त्यात अल्कोहोल असते. अशा वेळी लेबल वाचावे आणि डॉक्टरांना अल्कोहोलविरहित पर्याय विचारावा. बहुतेक सिरपना तो उपलब्ध असतो. आपल्या घरांत बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची पद्धत आहे. अरिष्ट आंबवून तयार होते आणि त्यात आपोआप निर्माण झालेल्या अल्कोहोलचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. दशमुळांचा ताजा काढा आंबवलेला नसतो; वैद्यांना विचारून तो घेता येईल. जेथे पर्यायच नाही आणि कुशल व विश्वासू डॉक्टर आवश्यकता सांगतात, तेथे गरजेपुरती सवलत फुकहांनी मान्य केली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेला लावले जाणारे स्पिरिट किंवा हाताचे सॅनिटायझर यांविषयी समकालीन मुफ्तींपैकी अनेकांनी सवलतीचेच मत दिले आहे. अशा प्रसंगी स्वतःच निर्णय न घेता जवळच्या मुफ्तींना विचारावे.

पण रेड वाइन या सवलतीत बसत नाही. हृदयासाठी तिला पर्याय नाही असे म्हणणारा एकही जबाबदार डॉक्टर आढळणार नाही. न पिणाऱ्याने हृदयासाठी प्यायला सुरुवात करावी, असा सल्ला वैद्यकशास्त्र देत नाही. उलट झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्सुलिन यांच्यासोबत मद्य घातक ठरू शकते. रेड वाइनमधील ज्या द्रव्याचे कौतुक होते ते द्राक्षाच्या सालीत असते. काळी द्राक्षे खाण्यास कोणी मनाई केलेली नाही.

आपल्या घराकडे पाहताना

येथवर वाचून आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटेल की, आम्ही दारूला शिवत नाही. परंतु हाच तराजू आपल्या घरातील अन्य वस्तूंनाही लावून पाहावा. मावा आणि गुटखा खिशात ठेवून मशिदीत येणारे, तोंडाला मिशरी लावल्याशिवाय ज्यांची सकाळ होत नाही अशा माताभगिनी, स्टेंट बसल्यावरही तांबड्या रश्शावरची तर्री आणि लोणचे-पापड न सोडणारे, असे आपणच आहोत. तंबाखूची गणना कर्करोगकारकांच्या त्याच पहिल्या गटात आहे. हृदय जपण्याचे मार्ग सिद्ध आहेत : तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे, चालणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे आणि गोळ्या वेळेवर घेणे. यांतील एकाही मार्गात हराम काही नाही.

दुसरी गोष्ट व्यसनात अडकलेल्या आपल्या बांधवांविषयी. गोव्याची सहल म्हणून निघालेली पोरे कशासाठी जातात, हे घरच्यांना ठाऊक असते. तरी लोकलज्जेपोटी आपण गप्प राहतो आणि पुढे एखादा पुरता बुडाला की त्याला वाळीत टाकतो. प्रेषितांसमोर (स.) मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा त्याला शाप देऊ नका, तो अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, असे प्रेषितांनी (स.) बजावले होते. ही सहीह बुखारीतील हदीस आपण पाळतो का? व्यसन हा उपचार करण्याजोगा आजारही आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून रमजानच्या पहिल्या दिवशी सर्व सोडीन, असे म्हणणाऱ्याला तौबेबरोबर डॉक्टरांकडेही न्यावे. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगणसारखी केंद्रे आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका याच कामासाठी आहेत. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

चाचांचे उत्तर

पुढच्या महिन्यात मी चाचांना बसवून हे सर्व सांगितले. प्रथम माझ्या तुटक उत्तराबद्दल क्षमा मागितली. मग म्हणालो, “मुलाला सांगा की तू वाचलेले सारे खोटे नाही, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे हे असे आहे. आणि त्याच्यावर रागावू नका. त्याने बाटली आणली ती बापाच्या काळजीपोटी. काळजीची वाट चुकली, काळजी चुकली नाही.”

चाचांनी मुलाशी फोनवर बोलण्याऐवजी तो सुटीवर येईपर्यंत वाट पाहिली. दोघांनी मिळून ती बाटली न्हाणीघरात ओतून टाकली, असे त्यांनी मला नंतर सांगितले. मुलाने एकच प्रश्न विचारला होता : मग तुमच्या हृदयासाठी मी काय करू? चाचांनी त्याला सांगितले, दर रविवारी फोन करून विचार की, गोळ्या घेतल्या का आणि किती चाललात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातील तरुण प्रश्न घेऊन आला, तर त्याला ‘हराम’ या एका शब्दावर परत पाठवू नका. हराम ते हरामच आहे. परंतु ज्या रबने हा आदेश दिला, त्यानेही आधी लाभ आणि हानी दोन्ही आपल्यासमोर मांडले, मग टप्प्याटप्प्याने हात धरून आपल्याला तेथवर नेले. समजावण्याची ही रीतही आपल्याला कुरआननेच शिकवली आहे.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या आज्ञा समजून घेण्याची व पाळण्याची तौफीक देवो, आपल्या आजाऱ्यांना शिफा देवो आणि व्यसनात अडकलेल्या प्रत्येकाला परतीची वाट सोपी करो. आमीन.